‘क्युअर’ या शब्दाचे मूळ घर

दवाखान्यातून उठताना रोगी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘डॉक्टर, हे क्युअर होईल ना?’ घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी माणसेही येथे इंग्रजीकडे वळतात. जणू ‘बरे होणे’ कच्चे आणि ‘क्युअर’ पक्के. हा पक्केपणा त्या शब्दात मुळात होता का, ते पाहू.

लॅटिनमध्ये ‘कूरा’ म्हणजे काळजी, देखभाल. ‘कूरारे’ हे तिचे क्रियापद. फ्रेंचमार्गे ते चौदाव्या शतकात इंग्रजीत रुळले. भाविकांच्या आत्म्याची काळजी वाहणे हीदेखील ‘क्युअर’च, म्हणून पाद्री झाला ‘क्युरेट’. पोर्तुगीजमध्ये तर ‘कूरा’ हा एकच शब्द बरे होण्यालाही लागतो आणि पाद्र्यालाही, हे गोव्यातील जुन्या मंडळींना ठाऊक असेल. संग्रहालय सांभाळणारा ‘क्युरेटर’, निश्चिंत तो ‘सिक्युअर’, काळजीपूर्वक केलेले ते ‘अ‍ॅक्युरेट’, ही सारी त्याच घरची भावंडे. नव्या स्लॅबवर दिवसचे दिवस पाणी मारतात, तेही ‘क्युअरिंग’च.

‘केअर’ मात्र या घरचा नव्हे. तो जर्मानिक कुळातला; जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दुःख, चिंता. ‘हील’ही त्याच कुळातला, पण त्याचे नाते ‘होल’शी, म्हणजे अखंडाशी. हानेमान यांनी 1810 साली ‘ऑर्गेनॉन’ प्रसिद्ध केले. रोग्याला निरोगी करणे हेच वैद्याचे काम, असे सांगताना त्यांनी ‘हाइलेन’ हे जर्मन क्रियापद वापरले. हा ‘हील’चा सख्खा भाऊ. इंग्रजी भाषांतरात तेथे ‘क्युअर’ आले आणि आम्ही विद्यार्थ्यांनी तेच पाठ केले. काळजी वाहण्याचा मूळ अर्थ मागे पडला, रोग नाहीसा करण्याचा तेवढा उरला.

व्यवसायाच्या सुरुवातीला मीही या प्रश्नाला बेधडक ‘हो’ म्हणत असे. जुनाट संधिवात झालेल्या एका आजींनाही म्हणालो. दोन वर्षांनी त्या शांतपणे म्हणाल्या, ‘दुखणं आहे तसंच आहे. पण तुम्ही हो म्हणालात, म्हणून दुसरीकडे गेले नाही.’ बोटे तोवर वाकडी झाली होती. तो ‘हो’ मला अजून टोचतो.

आमच्या जैन परंपरेत आजारी साधूच्या सेवेला वैयावृत्त्य म्हणतात आणि ते अंतरंग तपांत गणतात. रोग जाईलच अशी हमी त्यात नाही. सेवेत कसूर मात्र चालत नाही. लॅटिनमधली ‘कूरा’ याहून फार वेगळी नव्हती.

म्हणून एक सुचवतो. पुढल्या वेळी डॉक्टरांना एक प्रश्न न विचारता दोन विचारा. रोग जाण्यासारखा आहे का? आणि नसेल, तर काळजी कशी घ्यायची, कोणाकडे जायचे? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले, तरी दुसऱ्याचे उत्तर मिळालेच पाहिजे.