तंत्रज्ञान मेळावा, गावपातळीवरील

एखादे तंत्र वापरणारे, वापरू पाहणारे आणि त्यातले जाणते ठरलेल्या दिवशी जमून अनुभवांची देवाणघेवाण करतात, तो मेळावा. शुल्क, हुद्दा वा प्रमाणपत्राची अट नसते. संगणकक्षेत्रातले गाजलेले उदाहरण म्हणजे मार्च 1975 मध्ये कॅलिफोर्नियात एका गॅरेजात जमलेला होमब्रू कॉम्प्युटर क्लब. शेतीतले, 1989 मध्ये इंडोनेशियात भातपिकावर सुरू झालेली शेतीशाळा. टेंभुर्णीसारख्या (ता. जाफ्राबाद, जि. जालना, सोलापूर जिल्ह्यातली टेंभुर्णी वेगळी) गावाला दुसरे अधिक जवळचे.

जिल्ह्यातला नमुना खरपुडीचा. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या तेथील कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या 5 तारखेला मासिक चर्चासत्र भरते. विजयअण्णा बोराडे हे या कामामागचे मार्गदर्शक. पाणलोट, शेततळी आणि द्राक्षबागा यांसाठी ओळखले जाणारे कडवंची गावही त्यांच्याच प्रेरणेतले. तारीख पक्की असली की निमंत्रणाची गरज उरत नाही. निमंत्रण आले की ते कोणाला द्यायचे हा प्रश्न येतो, आणि मानपान तिथूनच सुरू होतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने शेतीशाळा थेट शिवारात नेल्या. काही खास महिलांसाठीही घेतल्या.

तरीही असे मेळावे बहुतेकदा सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांचेच होतात. बटईदार, सालगडी आणि कापूस वेचणाऱ्या बाया यादीत नसतात. गुलाबी बोंडअळीचे पाहा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले की उपाय करायचा, हे आर्थिक नुकसानीच्या पातळीचे गणित मेळाव्यात सांगितले जाते. किडके बोंड मात्र आधी हाती लागते वेचणारीच्या. तिला माइक मिळाला तर चर्चा पडद्यावरच्या चित्रांवरून त्या बोंडाकडे वळते. सापळा हातोहात फिरवावा, आमिषाची गोळी एखाद्या नवख्याकडून बसवून घ्यावी. पाहुण्यांच्या सत्काराला दिलेल्या वेळेपेक्षा हा वेळ केव्हाही सत्कारणी.

वेळ ठरवताना आठवडी बाजार, पोळा, सोयाबीनची काढणी आणि शेवटची एसटी पाहावी लागते. सकाळचा मेळावा बायांच्या स्वयंपाकावर आणि दिवसाचा मजुरीवर गदा आणतो. बुडालेला रोज भरून देण्याची तरतूद क्वचितच असते. लहान मुलांसाठी शेजारची अंगणवाडी उघडी ठेवणे सोपे, पण ते सहसा कोणाला सुचत नाही. बैठक सतरंजीवर सगळ्यांची सारखी असावी: पुढाऱ्यांना खुर्च्या मांडल्या की मागच्या रांगेतला प्रश्न मागेच राहतो.

वर्तनाचे लेखी नियम ही शहरी संगणक-मेळाव्यांची देणगी. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने 2012 मध्ये असे नियम असलेल्या परिषदांनाच साहाय्य करण्याचे ठरवले. गावात नियम लिहिणे अवघड नाही, तक्रार ऐकणारा नेमणे अवघड आहे. तो बहुधा ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचाच भाऊबंद निघतो. म्हणून दोन नावे आधीच जाहीर करावीत: एक गावातले, दुसरे बाहेरगावच्या बाईचे.