एका कलमाची कुळकथा

दरसाल खत नवे करून घ्यायचे आणि ऋण मात्र जुनेच ठेवायचे, ही जी विद्या आपल्याकडील सावकारांना अवगत होती, तिचीच एक सुधारलेली आवृत्ती अमेरिकेतील बेसबॉल-संघांच्या मालकांनी जवळजवळ शतकभर चालविली. १८७९ साली नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत गुप्त ठराव केला की, प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना इतर कोणी हात लावू नये. पुढे पाचांचे अकरा झाले आणि अखेर हे राखीव कलम प्रत्येक खेळाडूच्या करारनाम्यात शिरले. करार एका वर्षाच्या मुदतीचा. परंतु वेतनाविषयी एकमत न झाल्यास मालकाने स्वतः ठरविलेल्या वेतनावर, बाकी त्याच अटींनी, आणखी एका वर्षापुरते त्याचे नूतनीकरण करावे, अशी त्यात तरतूद असे. आणि ‘त्याच अटीं’मध्ये हे नूतनीकरणाचे कलमही आलेच, असा अर्थ मालकमंडळी लावीत असल्यामुळे ते एक वर्ष कधी संपतच नसे. संघाने खेळाडू विकावा, बदलून द्यावा किंवा घरी बसवावा. खेळाडूने मात्र आपण होऊन धनी बदलू नये.

जॉन माँटगोमेरी वॉर्ड या कायदा शिकलेल्या खेळाडूने, खेळाडू हा माणूस आहे की जंगम मालमत्ता, असा प्रश्न १८८७ मध्येच जाहीरपणे विचारला होता. १८९० साली खेळाडूंनी आपली स्वतंत्र लीग उभारली, पण ती एका हंगामातच मोडली. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला आंतरराज्य व्यापार मानण्याचे नाकारल्यामुळे मक्तेदारीविरोधी कायद्याचा हात या धंद्यापर्यंत पोहोचेना, आणि १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने ही वहिवाट पुन्हा कायम केली.

या वहिवाटीला आपली सारी कारकीर्द पणाला लावून आव्हान देणारा कर्ट फ्लड १९३८ साली टेक्ससमधील ह्यूस्टन येथे जन्मला आणि कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये वाढला. १९५६ मध्ये सिनसिनाटी संघाने त्याला करारबद्ध करून दक्षिणेतील कनिष्ठ लीगमध्ये धाडले. तेथे एकाच दिवशी दोन सामने असताना मधल्या विश्रांतीत त्याने घामाने भिजलेला गणवेश इतरांच्या कपड्यांच्या ढिगावर टाकला, तेव्हा खोलीच्या व्यवस्थापकाने आरडाओरडा केला, तो गणवेश एका लांब काठीने उचलून बाजूला काढला आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या धुलाईखान्यात पाठविला. इतर सारे मैदानात उतरले तरी फ्लड कपडे परत येण्याची वाट पाहत उघडाच बसून राहिला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्याची न विचारता सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाकडे रवानगी झाली.

तेथील बारा वर्षांत त्याने मैदानाच्या मध्यभागाची राखण केली. फळीवरून सुटलेल्या चेंडूचा आवाज कानी पडताच तो कोठे पडणार हे ओळखून त्या दिशेने पाय टाकणे, हे त्या जागेवरच्या खेळाडूचे खरे कसब. आणि या कसबासाठी फ्लडला १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे सुवर्ण हातमोज्याचा किताब मिळाला. १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या हातून क्षेत्ररक्षणात एकही चूक झाली नाही. १९६४ आणि १९६७ साली त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६८ च्या निर्णायक सामन्यात मात्र डेट्रॉइटच्या जिम नॉर्थरपने मारलेल्या चेंडूचा त्याचा अंदाज चुकला, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि त्याबरोबर विजेतेपदही गेले.

पुढील वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये एके दिवशी पहाटे दूरध्वनी वाजला आणि संघाच्या एका दुय्यम अधिकाऱ्याने त्याला फिलाडेल्फियाकडे दिल्याचे कळविले. त्या सालच्या २४ डिसेंबरला फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून, आपण मर्जीविरुद्ध विकली जाणारी वस्तू नव्हे, असे नम्र पण निःसंदिग्ध शब्दांत बजावले. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी त्याला आधीच सांगून ठेवले होते की, या दाव्यात जय मिळणे दुरापास्त आहे आणि कारकीर्द मात्र हमखास जाईल. वर्षाला ९० हजार डॉलर मिळविणाऱ्याने गुलामगिरीची भाषा बोलावी, याचा अनेकांना राग आला. त्याचे म्हणणे इतकेच की, चांगला पगार मिळाला म्हणून गुलामगिरी काही सरत नाही. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्षीला आला, परंतु ज्यांच्या हितासाठी तो लढत होता त्या चालू खेळाडूंपैकी एकही जण प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसला नाही.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या आरंभी जुन्या थोर खेळाडूंची लांबलचक नामावळी गायिली, बेसबॉलला मिळालेली सवलत विसंगत असल्याचेही मान्य केले, आणि ती दूर करण्याचे काम विधिमंडळाचे आहे असे सांगून पूर्वीचाच निवाडा कायम ठेवला. फ्लड त्यापूर्वीच १९७१ मध्ये वॉशिंग्टन संघाकडून तेरा सामने खेळून, मन लागेना म्हणून, स्पेनच्या मायोर्का बेटावर निघून गेला होता.

कलम अखेर मोडले ते न्यायालयात नव्हे, लवादापुढे. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोघा गोलंदाजांनी करारावर सही न करता १९७५ चा हंगाम काढला, आणि डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला की, एका वर्षाचे नूतनीकरण म्हणजे एकाच वर्षाचे. शब्दाचा सरळ अर्थ शब्दाला परत मिळण्यास ९६ वर्षे लागली. मालकांनी साइट्झ यांना लागलीच बडतर्फ केले, परंतु खेळाडू मोकळे झाले ते झालेच.

या मोकळ्या झालेल्यांत फ्लड नव्हता. २० जानेवारी १९९७ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले, आणि वरिष्ठ लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण देणारा अधिनियम पुढल्या वर्षी संमत झाला तो ‘कर्ट फ्लड अधिनियम’ या नावाने. खत रद्द झाल्याची पावती अशी खातेदाराच्या नावाने फाडली गेली. ती हाती घेण्यास तो तेवढा राहिला नव्हता.