अल्प पैजेचे द्यूत आणि जमातींचे सार्वभौमत्व : दक्षिण कॅलिफोर्नियातील द्यूतगृहांचा तौलनिक विचार

द्यूताचा इतिहास लिहिणारे बहुधा मोठ्या पैजांचाच इतिहास लिहितात. राज्य, बंधू आणि भार्या पणास लावणाऱ्या युधिष्ठिराची कथा आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. चार कवड्यांवर खेळणाऱ्या सामान्याची नोंद कोणी ठेवली नाही. अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या द्यूतगृहांविषयी, म्हणजे ज्यांस सर्वत्र कॅसिनो म्हणतात त्यांच्याविषयी, जे लिहिले जाते त्यातही हाच कल आढळतो. अब्जावधी डॉलरांचे आकडे आणि वाळवंटात उभी राहिलेली उंच हॉटेले यांपलीकडे हे लेखन सहसा जात नाही. वास्तविक या संस्थेचा उगम अगदी लहान रकमेत आहे आणि तिचा पायाही आज लहान रकमांचाच आहे. एका द्यूतगृहाहून दुसरे वेगळे का, हेही वीस डॉलर खिशात घालून जाणाऱ्या माणसास धनिकापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. कारण धनिकाची बडदास्त सर्वत्र सारखीच राखली जाते. या भेदांच्या मुळाशी सजावट वा संपत्ती नसून कायद्यातील काही शब्दांच्या व्याख्या आहेत, हे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

त्यासाठी दक्षिण कॅलिफोर्नियातील चार गृहे प्रस्तुत लेखकाने पाहिली. लुइसेन्यो लोकांचे पेचांगा, सॅन गोर्गोनियो खिंडीतील मोरोंगो, इंडिओ शहरालगतचे कॅबझॉन जमातीचे फँटसी स्प्रिंग्ज आणि सॅन मॅन्युएल येथील सेरानो लोकांचे यामावा ही ती चार होत. प्रत्येक ठिकाणी वीस डॉलरांहून अधिक खेळावयाचे नाही, हा नियम स्वतःस घालून घेतला होता. प्रवाशाची दिशाभूल होऊ नये म्हणून एक गोष्ट येथेच नोंदवितो. कॅबझॉन नावाचे गाव मोरोंगो जमातीच्या द्यूतगृहाजवळ आहे. कॅबझॉन जमातीची भूमी मात्र खिंडीच्या पलीकडे, पूर्वेस कोचेला खोऱ्यात आहे. हे नाव स्पॅनिश असून त्याचा अर्थ ‘मोठ्या डोक्याचा’ असा होतो. एकोणिसाव्या शतकातील एका कवीया नायकास ते परकीयांनी दिले आणि पुढे ते त्याच्या लोकांस चिकटले.

या लोकांपाशी जी भूमी आज आहे ती त्यांच्या मूळ प्रदेशाचा एक तुकडा होय. १८५१–५२ मध्ये अमेरिकन शासनाच्या प्रतिनिधींनी कॅलिफोर्नियातील जमातींशी अठरा तह केले. त्यांपैकी एक टेमेक्युला येथे ५ जानेवारी १८५२ रोजी झाला. सिनेटने एकाही तहास मान्यता दिली नाही, आणि तहांचे कागद १९०५ पर्यंत गुप्त राहिले. १८७५ मध्ये टेमेक्युलाच्या लुइसेन्यो रहिवाशांस त्यांच्या गावातून हुसकून लावण्यात आले. त्यांपैकी कित्येक जवळच्या पेचांगा दरीत जाऊन राहिले, व १८८२ मध्ये तेथे राखीव प्रदेश निर्माण झाला. शेतीस अपुऱ्या आणि बाजारापासून तुटलेल्या अशा या भूमीपाशी एकच विशेष उरला होता : राज्य शासनाचे सर्व कायदे तिच्यावर चालत नव्हते. तिचा पुढील इतिहास या एका विशेषाभोवती फिरतो.

त्या इतिहासाचा आरंभ कॅलिफोर्नियात नव्हे, मिनेसोटात झाला. तेथील लीच लेक राखीव प्रदेशात राहणाऱ्या एका मूलनिवासी दांपत्यास त्यांच्या चाकांवरील घराबद्दल परगण्याने १४७ डॉलर ९५ सेंट इतका कर आकारला. १९५३ च्या ‘पब्लिक लॉ २८०’ या कायद्याने काँग्रेसने मिनेसोटा व कॅलिफोर्निया यांसह काही राज्यांस राखीव प्रदेशांवर फौजदारी अधिकार दिला होता, आणि दिवाणी तंट्यांचा निवाडाही राज्याच्या न्यायालयांकडे सोपविला होता. परंतु यात कर बसविण्याचा अथवा सर्वसाधारण नियमनाचा अधिकार अंतर्भूत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एकमताने दिला. दीडशे डॉलरांहूनही कमी रकमेच्या या वादातून जे तत्त्व निघाले, त्यावर पुढे अब्जावधींचा व्यवसाय उभा राहिला.

पुढील पाऊल फ्लोरिडातील सेमिनोल जमातीने टाकले. १९७९ च्या डिसेंबरात तिने हॉलिवुड या गावी बिंगोचे सभागृह उघडले. बिंगो म्हणजे आपल्याकडील जिमखान्यांत व गणेशोत्सवात खेळल्या जाणाऱ्या हाउजीचाच भाऊबंद. फ्लोरिडाच्या कायद्याने या खेळास बक्षिसाची मर्यादा घातली होती व आठवड्यातून दोनच दिवस तो खेळण्यास मुभा ठेवली होती. जमातीने दोन्ही बंधने झुगारली आणि १९८१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तिचा पक्ष उचलून धरला. कॅलिफोर्नियात दर डावाच्या बक्षिसावर २५० डॉलरांची मर्यादा होती, आणि खेळ धर्मादाय कार्यासाठी विनावेतन स्वयंसेवकांनीच चालवावा असा दंडक होता. कॅबझॉन व मोरोंगो या जमातींनी तो मानला नाही. त्यातून उद्भवलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा कॅबझॉन जमातीची नोंदलेली सभासदसंख्या अवघी २५ होती, तर मोरोंगोची सुमारे ७३०. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय जमातींच्या बाजूने लागला. न्यायालयाचा युक्तिवाद भाषाभ्यासकास विशेष लक्षणीय वाटेल. एखादी गोष्ट राज्य ‘निषिद्ध’ करते की केवळ ‘नियंत्रित’ करते, हा भेद त्याने मुख्य मानला. जे राज्य स्वतः लॉटरी चालविते, घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावू देते आणि धर्मादाय बिंगोस परवानगी देते, ते द्यूतास निषिद्ध मानते असे म्हणता येत नाही. मग त्याचे नियंत्रणही राखीव प्रदेशावर चालणार नाही.

काँग्रेसने या निकालास १९८८ च्या कायद्याने उत्तर दिले. त्या कायद्याच्या नावात ‘गॅम्बलिंग’ हा शब्द टाळून ‘गेमिंग’ हा वापरला आहे. दोन्ही शब्द एकाच कुळातले. परंतु एकास व्यसनाचा वास येतो, दुसऱ्यास क्रीडेचा. आपल्याकडे ‘जुगार’ आणि ‘द्यूत’ यांमध्ये जे अंतर पडले आहे तसलेच हे अंतर आहे, आणि प्रस्तुत निबंधात ‘द्यूतगृह’ हा प्रतिष्ठित शब्द योजताना तो मोह लेखकासही आवरला नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेलच. या कायद्याने खेळांचे तीन वर्ग केले. पहिल्यात जमातींचे पारंपरिक खेळ. दुसऱ्यात बिंगो, त्यासारखे खेळ आणि ज्यांत खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात असे काही पत्त्यांचे डाव. तिसऱ्यात उरलेले सर्व, म्हणजे स्लॉट यंत्रे, ब्लॅकजॅक इत्यादी. तिसऱ्या वर्गासाठी राज्याशी करारनामा आवश्यक ठरला. दुसऱ्या वर्गाचे नियमन जमात आणि संघीय आयोग यांच्याकडे राहिले. तेथे राज्यास करार मागण्याचा अधिकार नाही.

साहजिकच ‘बिंगो म्हणजे काय’ या प्रश्नास विलक्षण महत्त्व आले. कायद्याची व्याख्या थोडक्यात अशी : आकडे अथवा अन्य चिन्हे असलेले पत्रक हवे, सोडतीत निघणारे आकडे खेळाडूने त्यावर झाकावयाचे, आणि ठरलेली आकृती जो प्रथम पूर्ण करील तो जिंकला. इलेक्ट्रॉनिक साहाय्य घेण्यास हरकत नाही. ‘साहाय्य’ कोठे संपते आणि यंत्रच खेळ कोठे होऊन बसते, यावर पुढील दशकभर न्यायालयांत खल झाला. २००० मध्ये दोन अपील न्यायालयांनी मेगामेनिया नावाचा, यंत्रांच्या जाळ्यावर खेळला जाणारा बिंगो दुसऱ्या वर्गातच मोडतो असे ठरविले.

अल्प पैजेच्या खेळाडूस हा सारा वाद यंत्राच्या पडद्यावर पाहावयास मिळतो. कॅलिफोर्नियात १९९९ च्या करारनाम्यांनी एका जमातीस तिसऱ्या वर्गाची जास्तीत जास्त २,००० यंत्रे ठेवण्याची मुभा दिली. त्यामुळे काही जमातींनी दुसऱ्या वर्गाची यंत्रेही शेजारीच मांडली. दोन्ही यंत्रांवर तीच फिरती चक्रे, तीच फळे आणि तोच कर्णकटू आनंदघोष. परंतु एकाच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे बिंगोचे पत्रक असते. त्या यंत्रात निकाल चक्रे लावीत नाहीत. निकाल सोडतीने अगोदरच लागलेला असतो, आणि चक्रे तो केवळ नाट्यरूपाने सांगतात. खेळासाठी दुसरा कोणी खेळाडू जाळ्यात असावा लागतो, म्हणून क्वचित् क्षणभर थांबावे लागते. बहुतेक लोक त्या पत्रकाकडे पाहतही नाहीत. प्रस्तुत लेखकास तो चिमुकला चौकोन सबंध सभागृहातील सर्वांत वाचनीय मजकूर वाटला.

फाशांची कथा याहूनही मौजेची आहे. १९९८ मध्ये मतदारांनी जमातींच्या बाजूने दिलेला कौल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केला. तेव्हा मार्च २००० मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करण्यात आली. त्या दुरुस्तीत स्लॉट यंत्रे, सोडतीचे खेळ आणि पत्त्यांचे डाव यांचा उल्लेख आहे. फासे आणि रूलेट यांचा नाही. परिणामी नेव्हाडात फाशांनी खेळला जाणारा क्रॅप्स येथे पत्त्यांनी खेळतात! फाशांची चित्रे छापलेले पत्ते असतात; क्वचित् खरे फासेही टाकतात, पण ते कोणता पत्ता उलटावयाचा एवढेच ठरवितात. निकाल पत्त्याचा, फाशाचा नव्हे. फाशांस व रूलेटला मुभा देणारा प्रस्ताव २०२२ च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे आला आणि मोठ्या बहुमताने फेटाळला गेला.

मात्र कोणत्या गृहात पैसा अधिक काळ टिकतो, हा अल्प पैजेच्या खेळाडूचा खरा प्रश्न अनुत्तरित राहतो. नेव्हाडात यंत्रांच्या परताव्याचे प्रमाण विभागवार प्रसिद्ध होते, कनेक्टिकटमधील जमातींच्या दोन द्यूतगृहांचे आकडेही प्रसिद्ध होतात. कॅलिफोर्नियातील जमातींवर असे बंधन नाही. तेव्हा ‘अमुक गृह उदार, तमुक कृपण’ असे जे खेळाडू छातीठोकपणे सांगतात, त्यांस वीस डॉलरांच्या अनुभवाखेरीज आधार नसतो. एवढे मात्र इतरत्र प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून निश्चित आहे की एक सेंटाच्या यंत्राचा परतावा एक डॉलरच्या यंत्राहून सामान्यतः कमी असतो. शिवाय ‘एक सेंट’ ही केवळ उपाधी होय. अनेक ओळींवर एकदम पैज लावावी लागत असल्याने एका कळीस चाळीस, पन्नास, कधी ऐंशीहून अधिक सेंट जातात. नाणी तर केव्हाच गेली. यंत्र कागदी पावती देते आणि पावतीच घेते. लहान खेळाडूच अधिक दराने भरणा करतो, ही गोष्ट जमातींच्या उत्कर्षाचे कौतुक करताना विसरता कामा नये. एका वंचित समाजाच्या शाळेचा खर्च दुसऱ्या अल्पवित्त माणसाच्या खिशातून जातो, हे अवघड सत्य आहे. परंतु राज्याच्या लॉटरीविषयीही हेच म्हणता येईल, आणि तिला कोणी इतक्या कठोरपणे जाब विचारीत नाही.

येथे गोव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत, व पुढे जहाजांवर, परवाने देण्यात आले. तेथे मालक व्यापारी आहे आणि शासन शुल्क घेते. जमातीच्या द्यूतगृहात मालक हेच शासन होय. १९८८ च्या कायद्याने निव्वळ उत्पन्नाचे विनियोग ठरवून दिले आहेत : जमातीचे शासन, सभासदांचे कल्याण, आर्थिक विकास, दानधर्म आणि स्थानिक संस्थांस साहाय्य. कॅलिफोर्नियाच्या करारनाम्यांनी त्यात आणखी एक भर घातली. ज्या जमातींस द्यूतगृह नाही वा अगदी लहान आहे, त्यांपैकी प्रत्येकीस सामायिक निधीतून वर्षास ११ लाख डॉलर देण्याची तरतूद झाली. देशभरातील जमातींच्या द्यूताचे एकूण उत्पन्न २०२३ च्या आर्थिक वर्षात ४१.९ अब्ज डॉलर झाले. परंतु ते अत्यंत विषम वाटलेले आहे, आणि ज्यांची भूमी महामार्गापासून दूर त्यांच्या वाट्यास त्यातील फारच थोडे येते.

भाषेच्या विद्यार्थ्यास या उत्पन्नाचा एक विनियोग विशेष महत्त्वाचा वाटेल. कवीया, लुइसेन्यो व सेरानो या तिन्ही उतो-अझ्टेकन कुळातील भाषा. इंग्रजी शाळांनी त्या मरणपंथास लावल्या. मोरोंगो भूमीवरील माल्की संग्रहालय १९६५ मध्ये उघडले. कॅथरीन सिवा सॉबेल (१९२०–२०११) या कवीया विदुषीने त्याच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि भाषेच्या नोंदीस आयुष्य वाहिले. तेव्हा द्यूताचा पैसा नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नाही तर संस्कृतिरक्षणाचे सारे श्रेय यंत्रांस मिळावयाचे. आज पेचांगा जमातीच्या शाळेत मुलांस लुइसेन्यो शिकविली जाते. सॅन मॅन्युएलच्या द्यूतगृहास २०२१ मध्ये यामावा हे सेरानो नाव देण्यात आले. त्याचा अर्थ वसंत. रोमन लिपीत त्या नावाच्या शेवटी वर एक स्वल्पविरामासारखी खूण असते. ती शोभेची नव्हे. ते कंठद्वारीय स्पर्शाचे चिन्ह आहे. महामार्गावरील भल्यामोठ्या फलकांवर, विजेच्या दिव्यांत, एक कंठद्वारीय स्पर्श झळकत असतो. हजारो मोटारचालक त्याचा उच्चार न करताच पुढे जातात.

पहिल्या वर्गाबद्दल आतापर्यंत काही बोललो नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील जमातींत पेऑन नावाचा हाताचा खेळ आजही खेळतात. नाव स्पॅनिश वळणाचे असून, पोर्तुगीजांकडून आपल्या कचेऱ्यांत आलेला ‘प्यून’ त्याच घराण्यातला असावा असे वाटते. काळी व पांढरी हाडे मुठीत लपवून, पांघरुणाआड हात फिरवीत, गाणी म्हणत दोन पक्ष समोरासमोर बसतात. कोणाच्या कोणत्या मुठीत पांढरे हाड आहे ते प्रतिपक्षाने ओळखावयाचे, आणि हिशेब काड्यांनी ठेवावयाचा. एकेक डाव रात्रभर चालतो. त्यावर पैजाही लागतात. १९८८ च्या कायद्याने हा खेळ संपूर्णपणे जमातींच्या स्वाधीन ठेवला आहे : त्यास राज्याचा करारनामा नाही, आयोगाचे निरीक्षण नाही, आणि त्याची व्याख्या करण्याच्या भरीस काँग्रेस पडलेली नाही.