मेपलची काकवी, पेकानची पारी

अमेरिका आणि कॅनडातल्या घरांत थंडीच्या दिवसांत एक गोड पदार्थ होतो. पेकान नावाच्या, अक्रोडाच्या भावकीतल्या फळाचा जाडसर कूट करून त्याची पारी भाजायची, मेपलच्या झाडापासून आटवलेल्या पाकात अंडी आणि साय फेटून ते मिश्रण पारीत ओतायचे आणि मंद आचेवर घट्ट करायचे. मेपल कस्टर्ड पाय असे त्याचे सरळ नाव. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण गूळ-साखर कुठून आली, कोणी केली, कोणाच्या जिवावर केली, याचा माग काढण्याचा नाद मला वीस-बावीस वर्षे आहे. या पदार्थातल्या तीन जिनसांनी, म्हणजे मेपल, कस्टर्ड आणि पेकानने, मला जितके फिरवले तितके एखाद्या गुळाच्या ढेपेने कधी फिरवले नाही.

आधी कस्टर्डबद्दल, कारण आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ पार बदलून गेला आहे. मराठी घरात कस्टर्ड म्हणजे डब्यातली पिवळी पूड दुधात कालवून, उकळून, गार करून त्यात केळी-सफरचंद-डाळिंब घातलेला वाडगा. अंड्याचा त्यात मागमूस नाही. याचे मूळ बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याकडे जाते. त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत, म्हणून त्याने १८३७ मध्ये मक्याच्या पिठावर चालणारे कस्टर्ड काढले. आजारी बायकोची ती सोय पुढे आपल्या अंडे न खाणाऱ्या घरांना आयतीच मिळाली. खरे कस्टर्ड मात्र अंड्यावर उभे असते. उष्णतेने अंड्यातली प्रथिने एकमेकांत गुंततात आणि दूध धरून ठेवतात. आपला खरवस चिकातल्या प्रथिनांमुळे वाफेवर आपसूक बसतो, तीच ही जात.

शब्द आणखी मागे नेला तर तो थेट पारीपाशी पोहोचतो. कस्टर्ड हा शब्द आला ‘क्रस्टाड’पासून, आणि क्रस्टाड म्हणजे कवचाचा पदार्थ, मुळात लॅटिन ‘क्रुस्टा’, म्हणजे टणक साल. पंधराव्या शतकातल्या इंग्रजी पाकहस्तलिखितांत ‘क्रस्टाड लोम्बार्ड’ सापडते: कणकेच्या खोलगट कवचात साय, अंडी, खजूर, सुकी आलुबुखारे आणि हाडातली मज्जासुद्धा. त्या कवचाला तेव्हा ‘कॉफिन’ म्हणत. शवपेटी हा अर्थ पुढे रूढ झाला. म्हणजे नाव पारीचे होते आणि आत ओतलेल्या ऐवजाने ते बळकावले. मग पारी सुटली, वाट्या आल्या, शेवटी पूड आली.

आता कृती. पेकानचा कूट करताना दाण्याच्या कुटाची आठवण ठेवावी. मिक्सर दोन फेरे जास्त फिरला की तेल सुटते आणि पारीऐवजी चटणी होते. २०० ग्रॅम पेकान, ५० ग्रॅम वितळलेले लोणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. हे नऊ इंची ताटलीत तळाला आणि कडांना दाबून बसवायचे आणि १७५ अंश सेल्सिअसवर दहा-बारा मिनिटे भाजायचे. गरम असतानाच वरून अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवला की पारी चटकन ओली होत नाही. आत ओतायला तीन अंडी, वर दोन बलक, साडेतीनशे मिलिलिटर साय आणि दूध मिळून, आणि दीडशे मिलिलिटर मेपलचा पाक. साय कोमट करून घ्यावी, फेस येईल असे फेटू नये, गाळून ओतावे. १५० ते १६० अंशांवर पाऊण तासाच्या आतबाहेर कडा बसतात आणि मध्यभाग हलवला तर खरवसासारखा थरथरतो. तिथेच थांबायचे. आतले तापमान ८० अंशांच्या फार पुढे गेले की प्रथिने आवळतात, पाणी सुटते आणि फाटलेल्या दुधाची कळा येते. पाक घ्यावा तो गडद. सोनेरी पाक चाखायला नाजूक असतो, पण अंड्या-सायीपुढे त्याचा आवाज निघत नाही. आणि बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत. पॅनकेक सिरप म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा मक्याचा पाक आणि वास एवढेच असते.

मेपलच्या पाकाला मी काकवी म्हणते, कारण काम तेच. पण उसाच्या गुऱ्हाळातला गुळव्या मेपलच्या चुलाणापाशी उभा केला तर तो डोक्याला हात लावील. उसाच्या रसात साखर पंधरा टक्क्यांच्या आसपास; मेपलच्या रसात जेमतेम दोन टक्के. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. ताजा रस दिसायला आणि चवीलाही जवळजवळ पाणीच, आपल्या नीरेइतकाही गोड नाही. तो मेपलचा म्हणून जो वास आणि जी चव, ती आटताना जन्मते. आणि रस वाहतो तोही वर्षातले चार-सहा आठवडेच, हिवाळा सरताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळवणारे ऊन अशी जोडी जमली तरच. नुसती थंडी चालत नाही, नुसते ऊनही नाही. या दोन गोष्टी, दोन टक्के साखर आणि चार-सहा आठवडे, ध्यानात ठेवाव्यात. पुढच्या सगळ्या मनोरथांचे चाक तिथेच रुतले.

ही विद्या युरोपीय लोकांची नव्हे. ओजिब्वे भाषेत वसंतातल्या एका महिन्याचे नावच रस आटवण्याचा महिना असे आहे. कुटुंबे आपापल्या ठरलेल्या मेपलराईत मुक्कामाला जात, आणि तिथला कारभार बहुधा बायकांकडे असे. धातूची भांडी येण्यापूर्वी तापवलेले दगड रसात टाकून तो आटवत. रात्री वर गोठलेला बर्फ काढून टाकला तरी खालचा रस दाट होई. पाक टिकवणे कठीण, म्हणून तो पार आटवून त्याची साखर करत आणि भूर्जाच्या सालीच्या डब्यांत भरून ठेवत. मांस, मासे, जंगली तांदूळ, सगळ्याला चव आणायला ती साखरच. फ्रेंच आणि इंग्रज वसाहतवाल्यांनी हे पाहिले, उचलले आणि त्यावर लोखंडी काहिली चढवल्या.

१७८९-९० च्या सुमारास फिलाडेल्फियातल्या काही माणसांच्या मनात आले की हीच साखर गुलामगिरी मोडून काढील. तेव्हा साखर म्हणजे कॅरिबियन बेटांवरची, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या हातची. हेन्री ड्रिंकर हा क्वेकर व्यापारी, विल्यम कूपर हा न्यूयॉर्क प्रांतात जमिनी विकून गाव वसवणारा गृहस्थ (कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपरचा बाप), आणि बेंजामिन रश हा नामांकित डॉक्टर, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेला. रशने १७९१ मध्ये जेफरसनला उद्देशून मेपलवर दीर्घ पत्रनिबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की जंगल तोडणाऱ्या शेतकऱ्याने मेपल राखावेत. वसंतात शेतीला काम नसते, बायकापोरे हाताशी असतात, चाबकाशिवाय साखर होईल. १७९२ मध्ये मेपल साखरेच्या प्रसारासाठी फिलाडेल्फियात एक मंडळी उभी राहिली, आणि डेलावेअर नदीच्या वरच्या अंगाला तिने ‘युनियन फार्म’ काढले. तीनेक वर्षांत ते तोट्यात बुडाले. कारण वर सांगितलेच आहे. उसाचा मळा माणसे कोंबून वाढवता येतो; मेपलला माणसे वाढवून भागत नाही, तिथे ऊन-थंडीचा मेळ लागतो आणि ४० लिटर पाण्यासाठी सरपण लागते.

रशच्या कळकळीवर मला शंका नाही. तरीही नोंद केली पाहिजे की विल्यम ग्रबर नावाच्या माणसावर रशची स्वतःची मालकी होती आणि १७९४ पर्यंत ती सुटली नाही. मेपलवरचा निबंध त्याच्या तीन वर्षे आधीचा.

त्याच काळात इंग्लंडमध्येही हीच हवा होती. १७९१ मध्ये विल्यम फॉक्सने वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्काराची हाक देणारी पुस्तिका काढली आणि हजारो घरांतून साखर उठली. तिकडे मेपल नव्हते. त्यांनी डोळे वळवले हिंदुस्थानकडे. १८२० च्या दशकात इंग्रज बायकांच्या चहाच्या टेबलावर साखरेची अशी भांडी दिसू लागली, ज्यांवर लिहिलेले असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नव्हे. या प्रचारातला एक पुढारी जेम्स क्रॉपर, लिव्हरपूलचा व्यापारी. त्याचा स्वतःचा धंदा ईस्ट इंडियाच्या मालाचा. आणि कंपनीच्या मुलखात गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेणारा कायदा झाला तो १८४३ मध्ये. भांड्यावरची अक्षरे त्याच्या दीड-दोन दशके आधीची.

परत अमेरिकेत यावे, कारण जेफरसन राहिला. १७९० मध्ये एका इंग्रज स्नेह्याला लिहिताना त्याने हर्ष व्यक्त केला की ज्या साखरेसाठी काळ्यांची गुलामी लागते तिच्या जागी पोरासोरांच्या श्रमावर होणारी साखर येईल. १७९१ च्या उन्हाळ्यात मॅडिसनबरोबर न्यूयॉर्क-व्हरमाँटकडे फिरून आल्यावर त्याने लाँग आयलंडवरच्या रोपवाटिकेतून ६० मेपल मागवून व्हर्जिनियात माँटिसेलोला लावले. बहुतेक सगळे मेले. ते लावायला खड्डे कोणी खणले असतील, हे सांगायला नको. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे या मनुष्याच्या मालकीची होती.

त्यांतला एक जेम्स हेमिंग्ज. जेफरसनच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊ आणि जेफरसनचा गुलाम, दोन्ही एकदम. १७८४ मध्ये जेफरसनने त्याला पॅरिसला नेले आणि तिथल्या आचाऱ्यांकडे शिकायला ठेवले. पाच वर्षांनी तो परतला तेव्हा फ्रेंच स्वयंपाकात तयार होता. त्याच्या नावाने ज्या मोजक्या कृती टिकल्या त्यांत ‘स्नो एग्ज’ आहे: फेटलेल्या पांढऱ्याचे ढग दुधात उकडून वर काढायचे आणि त्याच दुधात बलक घालून कस्टर्ड करायचे. दूध फाटू न देता बलक घट्ट करणे हे विस्तवाच्या चुलीवर, थर्मामीटरशिवाय, किती हातखंड्याचे काम आहे ते ज्याने कस्टर्ड एकदा तरी केले आहे त्याला कळेल. सप्टेंबर १७९३ मध्ये जेफरसनने त्याला कागद करून दिला: याला शिकवण्यात माझा पुष्कळ खर्च झाला आहे, सबब याने माँटिसेलोला येऊन दुसऱ्याला आचारी म्हणून तयार करावे, मग हा मोकळा. कागद लिहिला गेला फिलाडेल्फियातच. हेमिंग्जने आपल्या भावाला, पीटरला, शिकवले आणि फेब्रुवारी १७९६ मध्ये सुटका मिळवली. पीटर चुलीपाशी राहिला. जेम्स १८०१ मध्ये वारला. जाण्यापूर्वी त्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी आपल्या हाताने लिहून दिली. ती आजही आहे.

मेपल साखरेचा खरा बहर त्यानंतरचा, पण स्वप्नवाल्यांनी कल्पिला तसा नव्हे. ती शेतकऱ्याच्या घरची साखर राहिली. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४ कोटी पौंड मेपल साखर नोंदली आहे. पुढे उसाची आणि बीटची साखर स्वस्त झाली, आणि मेपलवाल्यांनी साखर सोडून पाक विकायला घेतला. गरिबाघरची साखर श्रीमंतांच्या न्याहारीची चैन झाली. आज जगातला बहुतेक मेपल पाक कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातून येतो.

राहिली पारी. मेपलचा मुलूख ईशान्येकडचा, पेकानचा मिसिसिपीच्या खोऱ्यातला. पेकान हा शब्दही मूळ रहिवाशांच्याच भाषांतून आला; दगडाने फोडावे लागणारे फळ असा त्याचा अर्थ. जंगली पेकानची अडचण अशी की चांगल्या झाडाचे बी लावले तरी पोरगे बापासारखे निघत नाही. कवच जाड की पातळ, गर भरलेला की पोचट, हे फळ धरेपर्यंत कळत नाही. कलम करावे तर ते लवकर धरत नसे. लुईझियानातल्या एका डॉक्टरने प्रयत्न करून पाहिले, जमले नाही, आणि त्याने त्या झाडाच्या काड्या ओक ॲली या मळ्यावर आणून दिल्या. मळा उसाचा, मालक रोमन घराणे. तिथल्या गुलामांत एक माळी होता, नाव अँटवान. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याने १६ झाडांवर कलमे बांधली आणि ती जगली. पुढे त्याने आणखी केली. यादवी युद्ध संपेपर्यंत त्या मळ्यावर कलमी पेकान १२६ झाले होते. मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेची जी यादी झाली तीत अँटवानचे वय, काम आणि डॉलरमधली किंमत लिहिलेली आहे. आडनाव नाही.

पेकानच्या एकजात बागा उभ्या राहिल्या त्या कलमाच्या या वाटेने. पातळ कवचाचा, अख्खा गर निघणारा पेकान असल्याशिवाय कोणी पारीसाठी २०० ग्रॅम सोलायला बसणार नाही.

युद्धानंतर ओक ॲलीवरची ती झाडे बहुतेक तोडली गेली, ऊस लावायला जागा हवी म्हणून. नदीपलीकडच्या अनिता मळ्यावर मात्र त्याच जातीची झाडे उरली होती. तिथल्या मालकाने १८७६ मध्ये त्यांची फळे फिलाडेल्फियाला पाठवली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दी प्रदर्शनात. फळाला पारितोषिक मिळाले. जातीचे नाव ठेवले ‘सेंटेनियल’, म्हणजे शताब्दी.