सटाण्याचे देव मामलेदार : यशवंतराव महादेव भोसेकर

आपल्या ज्ञातीतील जुन्या घराण्यांची दप्तरे चाळली, तर मामलेदार, शिरस्तेदार, अव्वल कारकून अशा हुद्द्यांची नावे पानोपानी आढळतात. इंग्रजी अमलात ज्या कुटुंबांनी लेखणीवर पोट भरले, त्यांचा इतिहास बहुतांशी कचेऱ्यांतच घडला. म्हणून एका मामलेदाराचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. यशवंतराव महादेव भोसेकर हे ते मामलेदार. नाशिक जिल्ह्यात त्यांस आजही कोणी आडनावाने ओळखीत नाही; 'देव मामलेदार' एवढे म्हटले की पुरते.

भोसेकरांचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरनजीकचे भोसे. यशवंतरावांचा जन्म मात्र पुण्यास, शके १७३७ च्या भाद्रपद शुद्ध दशमीस, म्हणजे १३ सप्टेंबर १८१५ रोजी झाला. पेशवाई बुडावयास त्या वेळी तीनच वर्षे उरली होती. ज्या पिढीने लहानपणी शनिवारवाड्यावरचे निशाण बदलल्याच्या गोष्टी घरात ऐकल्या आणि मोठेपणी नव्या सरकारची चाकरी पत्करली, त्या पिढीचे हे गृहस्थ. लहान कारकुनीपासून आरंभ करून, खानदेशातील निरनिराळ्या तालुक्यांतून बदल्या होत होत ते मामलेदारीपर्यंत चढले. विलायतेची पदवी नाही, वरिष्ठांच्या घरचा वशिला नाही. हिशेबाची चोख सवय आणि विठ्ठलावरील निष्ठा एवढेच त्यांचे भांडवल.

मामलेदार म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. शंभर-दीडशे खेड्यांचा तालुका, आणि त्या तालुक्यापुरते सरकार म्हणजे मामलेदार. शेतसाऱ्याचे हप्ते वसूल करणे, पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरे तपासणे, जमाबंदीच्या वेळी कलेक्टरसाहेबांपुढे पै न् पैचा जाब देणे, फौजदारी अधिकार चालविणे, आणि या सर्वांहून जोखमीचे म्हणजे तालुक्याचा खजिना सांभाळणे. कुळाच्या दृष्टीने राणी सरकार फार दूर. जप्तीची नोटीस पाठविणारा किंवा थोपविणारा मामलेदार मात्र जवळ. अशा खुर्चीवरील माणूस लोकांस नकोसा होणे सोपे, पूज्य होणे दुर्मीळ.

यशवंतराव सटाण्यास आले तो काळ नाशिक जिल्ह्याच्या स्थापनेचा. हा जिल्हा १८६९ साली निर्माण झाला आणि पूर्वी खानदेशात मोडणारा बागलाण तालुका त्यात आला. लागलीच १८७०-७१ च्या सुमारास दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, दाणावैरण मिळेना. तेव्हा यशवंतरावांनी प्रथम घरातील होते नव्हते ते दिले, पत्नीच्या अंगावरचे दागिनेही त्यात गेले, आणि तेही पुरेना तेव्हा सरकारी खजिना उघडून लोकांत वाटला, असे बागलाणची परंपरा सांगते. रक्कम सांगतात ती १ लाख २७ हजार रुपयांची. पुढे वरिष्ठ अधिकारी तपासणीस आले, तो खजिन्यात शिल्लक बरोबर भरली; विठ्ठलानेच आपल्या भक्ताची लाज राखली, अशी श्रद्धा आहे.

शिल्लक कशी भरली, यावर आम्ही वाद घालू इच्छीत नाही. श्रद्धेच्या जागी श्रद्धा असावी. परंतु चमत्काराच्या कथेवर भर देताना आपण मूळ कृत्य लहान करून टाकतो, अशी आमची तक्रार आहे. देव पाठीशी उभा राहणार हे आधीच ठाऊक असते, तर खजिना उघडण्यास धैर्य ते कशाला हवे होते? ते ठाऊक नव्हते. ठाऊक होता तो कायदा. १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेचे ४०९ वे कलम सरकारी नोकराने स्वाधीन असलेल्या पैशाचा अपहार केल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत असे. पंचावन्नाच्या घरातील, पेन्शन दृष्टिपथात आलेल्या मनुष्याने किल्ली फिरवली ती हे जाणून.

दुसरी गोष्ट अशी की, त्या वेळी दुष्काळी कामाचा नियमग्रंथच नव्हता. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर कमिशन बसले, त्याचा अहवाल १८८० साली आला आणि त्यानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. पीक किती बुडाले म्हणजे काम काढावे, मजुरी किती द्यावी, अशक्तांस धर्मार्थ अन्न केव्हा द्यावे, हे पुढील मामलेदारांस छापील पुस्तकात पाहता येई. यशवंतरावांपुढे कोरा कागद होता. नाशिकच्या कचेरीस लिहावे, नाशिकहून वर लिहिले जावे आणि मंजुरी परत यावी, तोवर भुकेले माणूस थांबत नाही. सरकारने जे काही वर्षांनी आपले कर्तव्य म्हणून मान्य केले, ते या तालुक्याच्या अधिकाऱ्याने आपल्या जबाबदारीवर आधीच केले होते, असे आमचे मत आहे.

यशवंतराव नाशिक येथे मार्गशीर्ष वद्य एकादशीस, ११ डिसेंबर १८८७ रोजी निवर्तले. पुढच्याच वर्षी मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे प्रकरण उघडकीस आले, आणि बढती-बदलीसाठी मामलेदारांकडून पैसे उकळले जात असल्याचे सर्व महाराष्ट्राने ऐकले. साहेब लाचेच्या आरोपातून सुटले, पण हाताखालच्यांकडून कर्ज घेतल्याबद्दल नोकरीस मुकले. पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी उचलून धरली. त्या मामलेदारांत आपल्या-परक्या सर्वच ज्ञातींचे लोक होते, हे स्मरणिकेतही झाकण्याचे कारण नाही. एकाच हुद्द्याची, एकाच काळची ही दोन चित्रे. खुर्ची विकत घेणारास ती रयतेकडून वसूल करावी लागे. यशवंतरावांनी ती रयतेसाठी पणास लावली.

सटाण्यास आरम नदीकाठी त्यांचे मंदिर आहे. मार्गशीर्ष वद्य एकादशीस रथ निघतो, मोठी यात्रा भरते, आणि पहाटेची महापूजा तालुक्याचे तहसीलदार करतात. सरकारी अधिकाऱ्याने आपल्याच पूर्वाधिकाऱ्याची पूजा बांधावी, हा प्रकार आमच्या पाहण्यात दुसरीकडे नाही. बागलाणचे शेतकरी, माळी, कोकणे, मावची अशा सर्वांची तेथे रीघ लागते. मामलेदार कोणत्या ज्ञातीचे होते हे तेथे कोणी विचारीत नाही. नाशिकास गोदावरीच्या काठी त्यांचे स्मारकमंदिर असून समोरची मोकळी जागा यशवंतराव महाराज पटांगण या नावाने ओळखली जाते. गंगेवर स्नानास जाणाऱ्या सभासदांनी रामकुंडावरून तेथवर चार पावले अवश्य जावे.

ज्या सभासदांच्या घरी खानदेश अथवा नाशिककडील जुन्या कचेरीचे कागद, बदलीचे हुकूम किंवा जमाबंदीच्या नकला पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता कार्यालयात दाखवाव्यात. नकला करून घेऊन मूळ कागद ज्याचे त्यास परत केले जातील.