‘आडनाव काय म्हणालात?’ : चवदार तळ्यापासून डेव्हलपर परिषदेपर्यंत

अक्कलकोट तालुक्यातून शिकून पुण्याच्या आयटी कंपनीत लागलेल्या आपल्या कोणत्याही मुलाला विचारा, हा संवाद त्याला पाठ असेल. डेव्हलपर लोकांची परिषद आहे, चहाची सुट्टी झाली आहे, हातात कागदी कप आहे. शेजारचा विचारतो, “कुठले तुम्ही?” “अक्कलकोट.” “अरे वा! स्वामींच्या गावचे! आम्ही दरवर्षी दर्शनाला येतो.” इथपर्यंत सगळे गोड. मग त्याची नजर गळ्यातल्या ओळखपत्रावर जाते, तिथे पाठीमागून दिवा लागत असल्यामुळे नीट दिसत नाही, आणि तो विचारतो, “आडनाव काय म्हणालात?”

आपण काही म्हणालेलोच नसतो.

आडनाव कळले की दोन गोष्टींपैकी एक होते. एक तर संवाद संपतो, किंवा तो वेगळ्या वळणावर जातो: कोणते कॉलेज, प्रवेश कोणत्या फेरीत, सीईटीला किती. आपल्या मराठीतला कानडी हेल दोन मिनिटांपूर्वी ‘गोड’ होता, तो आता इंग्रजी कच्चे असल्याचा पुरावा होतो. कोणी शिवी दिलेली नसते, कोणी हात लावलेला नसतो. तक्रार करायची तर कशाची? आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते की इथे सर्वांचे स्वागत आहे.

त्या ‘सर्वांचे’ या शब्दाचा इतिहास आपल्याला बघायचा आहे. तो सिलिकॉन व्हॅलीत नाही, महाडात सुरू होतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव होता. पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे आजच्या भाषेत आचारसंहिता जाहीर झाली, संकेतस्थळावर चढली. आणि नंतर तीन वर्षे आपल्या एकाही माणसाला त्या तळ्याचे पाणी पिता आले नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. आज आपण ‘महाडचा सत्याग्रह’ एवढेच म्हणतो, पण ती आधी एक परिषद होती. मंडप होता, प्रतिनिधी होते, जेवणाची सोय होती, पाण्याची सोय करायची होती. आणि त्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! सर्वांना खुल्या असलेल्या तळ्याच्या गावात, १९२७ सालचे चाळीस रुपये. मला वाटते, परिषद भरवणाऱ्या प्रत्येक समितीने हा एक आकडा समोर टांगून ठेवावा. स्वागताचा फलक वेगळा आणि प्यायचे पाणी वेगळे, हा फरक त्या चाळीस रुपयांत आहे.

२० तारखेला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्यायले आणि मागोमाग हजारो लोकांनी. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक घुसणार अशी अफवा उठवून मंडपावर हल्ला झाला. जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत तुडवले गेले. आपल्या बाजूला लष्करातून निवृत्त झालेले धट्टेकट्टे लोक होते, एका इशाऱ्याची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही. आपल्या प्रतिनिधींनी कसे वागायचे याची शिस्त त्या दिवशी त्या परिषदेने पाळली. मोडली ती दुसऱ्या बाजूने.

पुढे तक्रार झाली, खटला चालला, पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे की, जिल्ह्यातले वरिष्ठ अधिकारी सवर्ण हिंदू असते तर एवढाही न्याय मिळाला नसता. तक्रार कोणाच्या टेबलावर जाते यावर तिचे भवितव्य ठरते, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये महाड नगरपालिकेने काय केले? आपला खुला करण्याचा ठरावच मागे घेतला. नियम पाळायची वेळ आली तेव्हा नियमच काढून टाकला. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला मंडप घालायला कोणी हिंदू जागा देईना. जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षे!

त्याच १९३७ साली आमच्या सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगला बाबासाहेब आले. गावातल्या आपल्या लोकांनी स्वतःच्या श्रमाने खोदलेली विहीर त्यांच्या हस्ते खुली झाली. एकीकडे न्यायालयाचा निकाल, दुसरीकडे स्वतःची विहीर. दोन्ही वाटा आपल्या लोकांनी एकाच वेळी चालून पाहिल्या आहेत. हा संदर्भ पुढे लागेल.

आता संगणकवाल्यांकडे येऊ. पायथॉन ही भाषा वापरणाऱ्यांची पायकॉन इंडिया परिषद २०११ साली पुण्यात भरली होती. त्या काळात जगभर अशा परिषदांना लिखित आचारसंहिता क्वचितच असे. परिषदांमध्ये स्त्रियांची छेडछाड होत होती, व्यासपीठावर अश्लील चित्रे दाखवली जात होती, आणि ‘तेवढे चालायचेच’ असे म्हटले जात होते. व्हॅलरी ऑरोरा आणि मेरी गार्डिनर या दोघींनी २०११ मध्ये एडा इनिशिएटिव्ह ही संस्था काढून परिषदांसाठी छळविरोधी नियमांचा आग्रह धरला. २०१२ मध्ये पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनने ठरवले की ज्या परिषदेला आचारसंहिता नाही तिला आम्ही पैसे देणार नाही. तेव्हा कुठे गाडी हलली. या स्त्रियांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. आज आपल्या मुली या परिषदांना जातात त्यात त्या लढ्याचा वाटा आहे.

पण त्या काळात जगभर नक्कल झालेला परिषदांच्या आचारसंहितेचा एक मसुदा वाचा. कोणत्या कारणांवरून कोणाचा छळ करायचा नाही याची यादी त्यात आहे. लिंग, लैंगिक कल, वय, अपंगत्व, दिसणे, शरीराची ठेवण, वंश, धर्म. आणि शेवटी ‘तंत्रज्ञानाची निवड’! म्हणजे तुम्ही कोड लिहायला कोणता एडिटर वापरता यावरून कोणी तुमची टर उडवली तर नियमभंग. जातीवरून उडवली तर यादीत तो शब्दच नाही. अमेरिकेत मसुदा लिहिणाऱ्यांना जात माहीत नसेल, त्यांना एक वेळ सोडून देऊ. पण हाच मसुदा पुण्या-बंगळुरात उतरवून घेताना कोणाला काही खटकले नाही, ही गोष्ट कशी सोडायची? इथे तर संविधान हाताशी होते. अनुच्छेद १५ मध्ये ‘जात’ हा शब्द आहे, आणि त्याच्या दुसऱ्या उपखंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांची नावे घेतली आहेत. महाडच्या चाळीस रुपयांचा हिशेब तिथे लिहून ठेवलेला आहे. देशाच्या संविधानापेक्षा तोकडी आचारसंहिता घेऊन आपले आयोजक ‘समावेशक’ म्हणवून घेत होते.

“आमच्या क्षेत्रात कोणी जात बघत नाही, कोड बघतात,” हे उत्तर ठरलेले आहे. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या राज्य यंत्रणेने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. तक्रारदार आयआयटी मुंबईत शिकलेला दलित अभियंता होता, आणि तो आरक्षणातून आला हे सहकाऱ्यांना सांगितले गेले असा आरोप होता. पुढे दोन वरिष्ठांवरचे वैयक्तिक आरोप २०२३ मध्ये मागे घेतले गेले, कंपनीवरचा दावा तसाच राहिला. तो खटला दाखल झाल्यावर त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्या तीस दलित स्त्री अभियंत्यांनी एकत्र निवेदन काढले. नावे दिली नाहीत. का दिली नाहीत हे वेगळे सांगायला नको.

एप्रिल २०२२ मध्ये, दलित इतिहास महिन्यात, इक्वॅलिटी लॅब्सच्या थेन्मोळी सौंदरराजन यांचे गूगलमध्ये जातीवर भाषण ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी त्या हिंदूद्वेष्ट्या असल्याच्या तक्रारी केल्या आणि भाषण रद्द झाले. यामुळे माणसे जवळ येण्याऐवजी फूट पडते आहे, असा कंपनीचा खुलासा होता. भाषण ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी जूनमध्ये नोकरी सोडली. हे वाचताना लाहोर आठवले नाही असा आंबेडकरी माणूस नसेल. १९३६ मध्ये जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी वाचले, घाबरले, काही भाग गाळा म्हणाले. स्वल्पविरामही बदलणार नाही असे बाबासाहेबांनी कळवले. शेवटी परिषदच झाली नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले आणि पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. वक्त्याला बोलावून मग त्याच्या विषयालाच भिण्याची ही खोड मंडळाकडून कंपनीपर्यंत आली आहे, तीही जात तोडायला निघालेल्यांकडून.

काही बदलले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या आचारसंहितांपैकी एक म्हणजे काँट्रिब्युटर कव्हनंट. २०२१ च्या २.१ या आवृत्तीत तिच्या यादीत वंशाच्या शेजारी ‘जात’ हा शब्द आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने क्षमा सावंत यांच्या प्रस्तावावर जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसाच कायदा नकाराधिकार वापरून अडवला. एक पाऊल पुढे, एक मागे, महाड नगरपालिकेसारखेच.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, शब्दाने काय होते? १९२४ च्या ठरावाने तरी काय झाले? बरोबर आहे, ठरावाने पाणी मिळाले नाही. पण ठराव होता म्हणून १९२७ ला आपण हक्काने तळ्यावर गेलो, आणि न्यायालयात उभे राहायला आधार मिळाला. शब्द नसेल तर चहाच्या सुट्टीतल्या त्या प्रश्नाला ‘गैरसमज’ म्हणून वाटेला लावता येते. दुसरे काही मित्र म्हणतात, आपली वेगळी परिषद भरवू. जरूर भरवू, वळसंगची विहीर आपलीच आहे. पण तिथे आपल्या मुली व्यासपीठावर किती आणि स्वागताच्या टेबलावर किती, हेही मोजू. १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेचे अध्यक्षपद सुलोचनाबाई डोंगरे यांच्याकडे होते. ऐंशी वर्षांनी आपण त्याच्या मागे आहोत की पुढे?

तर पुढच्या परिषदेचा अर्ज भरण्याआधी तिच्या आचारसंहितेचे पान उघडा. ‘जात’ शब्द शोधा. जुन्या मसुद्याची नक्कल असेल तर तो सापडणार नाही. आयोजकांना मेल लिहा: २.१ ची आवृत्ती फुकट आहे, ती लावा. तक्रार ऐकणाऱ्या समितीत कोण आहेत, त्यात आपले कोणी आहे का, तेही विचारा. गळ्यातल्या ओळखपत्रावर फक्त पहिले नाव छापायची सोय आहे का, हेसुद्धा. उत्तर आले नाही तर परिषदेला पैसे देणाऱ्या कंपन्यांची नावे त्याच पानावर खाली असतात. दुसरा मेल त्यांना लिहा.