तळटीप : वर्गणीचा रेडिओ

* ‘स्टर्न उपग्रहावर गेला’ : हॉवर्ड स्टर्न हा न्यूयॉर्कचा बेधडक रेडिओ-निवेदक. अश्लीलतेवरून सरकारी दंडांचा ससेमिरा लागल्यावर त्याने ऑक्टोबर २००४मध्ये ‘सिरियस’ या उपग्रह रेडिओ कंपनीशी पाच वर्षांचा, सुमारे ५० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. जानेवारी २००६पासून तो तेथे बोलू लागला. एरवी फुकट ऐकणाऱ्यांना आता खास संच घ्यावा लागणार होता, शिवाय महिना १२ डॉलर ९५ सेंट वर्गणी. करारावेळी सिरियसचे वर्गणीदार ६ लाखांच्या आसपास होते. २००६अखेर ते ६० लाखांवर गेले. सारे श्रेय स्टर्नला देणे चूक ठरेल, कारण नव्या मोटारींत हे संच कारखान्यातूनच बसून येऊ लागले होते. तरीही आवडत्या आवाजासाठी माणसे खिशात हात घालतात, हे त्या काळात दिसले, असे आमचे स्पष्ट मत आहे. एफएमवरचे त्याचे बहुसंख्य श्रोते मात्र मागेच राहिले. लेखकाने ही बाजू सोडली आहे, ती वाचकांनी ध्यानात घ्यावी. भारतात ‘वर्ल्डस्पेस’चा वर्गणीचा रेडिओ प्रामुख्याने संगीतावर उभा होता. मूळ अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर तो ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाला. — संपादक